ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा

मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वापसा यावा आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होऊ नये, हा अनुभव शेतकरी बांधवांना नवा नाही. वापसा मिस्त्रीसाठी थांबत नाही. म्हणून दोष कोठे आहे, एवढे तरी स्वतःस ओळखता यावे.

किल्ली फिरवल्यावर नुसता ‘कट’ असा आवाज झाला, अथवा इंजिन जड फिरले, तर दोष बहुधा बॅटरीचा असतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी मोजली असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. टर्मिनलवरील क्षार साफ करून पकडी घट्ट बसवाव्यात. आवाजच होत नसेल, तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, ते पाहावे. कित्येक ट्रॅक्टरांत गिअर पडलेला असता स्टार्टर चालूच नये, अशी सोय असते. काही जण जमिनीवर उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची टोके जोडतात व ही सोय निकामी करतात. असे कदापि करू नये. गिअर पडलेला असल्यास इंजिन सुरू होताच मागचे चाक त्या माणसाच्याच अंगावरून जाते.

इंजिन नीट फिरते पण धूर येत नाही, तेव्हा डिझेल पोचत नाही असे समजावे. इंजिन बंद करण्याची मूठ ओढलेलीच राहिली नाही ना? पुष्कळदा एवढेच निघते! टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली असल्यास नळीत हवा अडकते. फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने चालवावी; बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळावा. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांना मात्र माहितीपुस्तिकेतीलच रीत वापरावी. पंप व नोझल घरी उघडू नयेत; तेथे धुळीचा कणही नडतो.