देहान्तशिक्षेची तहकुबी

न्यायाधीशांच्या हातून ज्या चुका होतात, त्यांपैकीं बहुतेक मागाहून दुरुस्त करतां येतात. घेतलेला दंड परत देतां येतो, कैद्यास सोडून देतां येतें, जप्त केलेलें घर मूळ मालकाच्या स्वाधीन करतां येतें. देहान्तशिक्षा मात्र एकदां अंमलांत आली कीं, पुढें कितीही विद्वान् न्यायाधीश बसविले तरी त्यांच्या निकालाचा त्या मनुष्यास कांहींएक उपयोग नाहीं.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांस अवगत नव्हती असें नाहीं. मृच्छकटिकाच्या दहाव्या अंकांत चारुदत्तास वधस्थानाकडे नेणारा चांडाळ आपल्या बापाचा मरतेसमयींचा उपदेश सांगतो. वधाची पाळी आपल्यावर आली तरी घाई करूं नये. न जाणो, एखादा सज्जन द्रव्य देऊन त्यास सोडवील, राजास पुत्र होऊन बंदिवान् मुक्त होतील, हत्ती सुटून धांदल उडेल, किंवा राज्यच पालटेल! पुढें वसंतसेना जिवंत येऊन उभी राहते व चारुदत्ताचे प्राण वांचतात, तें या थोड्याशा विलंबामुळेंच.

असा विलंब मागण्याचें काम आज कांहीं आंतरराष्ट्रीय न्यायालयें करीत असतात. हेग येथील न्यायालयांत एका राष्ट्रास दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध फिर्याद करतां येते. स्ट्रासबुर्ग येथील युरोपच्या मानवी हक्कांच्या न्यायालयांत प्रत्यक्ष कैद्यासही दाद मागतां येते. अमेरिकाखंडासाठीं असेंच एक न्यायालय कोस्टा रिका देशांत सान होझे येथें आहे. या ठिकाणीं खटल्याचा निकाल लागण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात. तेवढ्यांत कैद्यास ठार केलें तर निकाल द्यावयाचा कोणासाठीं? म्हणून आरंभींच तात्पुरता हुकूम काढून शिक्षा तहकूब ठेवण्यास सांगतात. हा हुकूम म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. खटला आम्हांस नीट पाहूं द्या, एवढेंच त्याचें म्हणणें असतें.

परंतु या न्यायालयांपाशीं ना शिपाई, ना तुरुंग. त्यांचा शब्द मानला गेला नाहीं तर काय होतें, याचें उदाहरण ऐकण्यासारखें आहे. कार्ल व वॉल्टर लाग्रांड हे दोघे जर्मन भाऊ. १९८२ मध्यें अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत बँक लुटण्याच्या प्रयत्नांत त्यांनीं तेथील व्यवस्थापकाचा खून केला. अपराध घोर होता, यांत शंका नाहीं. तथापि १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वयें परदेशीय कैद्यास आपल्या देशाच्या वकिलातीशीं संबंध ठेवण्याचा हक्क असतो, व तो हक्क त्यास वेळींच कळविणें हें पकडणाऱ्या राष्ट्राचें कर्तव्य असतें. तें येथें झालें नाहीं. जर्मनीस ही हकीकत १९९२ मध्यें कळली. २४ फेब्रुवारी १९९९ रोजीं कार्लचा देहान्त झाला. २ मार्च रोजीं जर्मनीनें हेगकडे धांव घेतली. दुसऱ्याच दिवशीं न्यायालयानें तहकुबीचा हुकूम काढला, आणि त्याच दिवशीं ॲरिझोनांत वॉल्टरला विषारी वायूनें मारण्यांत आलें! पुढें २७ जून २००१ रोजीं, असे तात्पुरते हुकूम राष्ट्रांवर बंधनकारक असतात, असा स्पष्ट निर्णय हेगनें दिला. त्या निर्णयाचा लाभ पुढील कैद्यांस होऊं शकतो. लाग्रांड बंधूंस तो व्हावयाचा नव्हता.

त्रिनिदाद बेटाची तऱ्हा याहून निराळी नव्हती. सान होझेच्या न्यायालयानें तेथील अनेक कैद्यांच्या फांश्या थांबविण्यास सांगितलें असतां, १९९९ मध्यें त्यांपैकीं दोघांस फांशी देण्यांत आली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. तुर्कस्तानांत कुर्दांचा पुढारी अब्दुल्ला ओजालान यास जून १९९९ मध्यें मृत्युदंड झाला. त्याच्या संघटनेनें चालविलेल्या लढ्यांत हजारों लोक मेले होते, व लोकांचा क्षोभ मोठा होता. ३० नोव्हेंबर रोजीं स्ट्रासबुर्गनें शिक्षा थांबविण्यास सांगितलें. तुर्की सरकारनें तें मानलें. तेवढ्या अवधींत, २००२ मध्यें, तुर्कस्तानानें शांततेच्या काळापुरती देहान्तशिक्षाच रद्द केली, आणि ओजालानची शिक्षा जन्मठेपेची झाली. चांडाळाच्या बापानें सांगितलेला ‘राज्य पालटण्याचा’ योग तो हाच कीं काय, असें आम्हांस वाटल्यावांचून राहिलें नाहीं!

येथें कोणी म्हणेल, “ज्याचा बाप वा पुत्र मारला गेला, त्यानें किती वर्षें वाट पहावी? आणि परक्या न्यायाधीशांनीं आमच्या न्यायांत हात कां घालावा?” पहिल्या प्रश्नांतील दुःख खरें आहे, त्याची थट्टा करणारा मनुष्य आम्ही सुज्ञ मानीत नाहीं. परंतु भलत्याच मनुष्यास, किंवा योग्य चौकशीवांचून, मारल्यानें तें दुःख शमत नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या एका कुटुंबानें अनुभविलें आहे.

सांगलीस जन्मलेले कुलभूषण जाधव यांस हेरगिरी व घातपाताच्या आरोपावरून पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानें दिलेली मृत्यूची शिक्षा १० एप्रिल २०१७ रोजीं जाहीर झाली. हे आरोप भारतानें नाकारले आहेत. आपल्या वकिलातीस त्यांची भेट एकदांही मिळाली नव्हती. भारत हेगला गेला. नागपुरांत वाढलेले हरीश साळवे यांनीं एक रुपया मेहनताना घेऊन बाजू मांडली. १८ मे रोजीं न्यायालयानें एकमतानें शिक्षा थांबविली. त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं इस्लामाबादेस मातोश्री व पत्नी यांस त्यांची भेट घेतां आली, पण मध्यें कांच होती. आपल्या परराष्ट्रखात्यानें प्रसिद्ध केलें कीं, भेटीपूर्वीं मंगळसूत्र, बांगड्या व कुंकू उतरविण्यास लावलें, व आईस मुलाशीं मराठींत बोलूं दिलें नाहीं. ही भेट किती अपुरी होती हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. तथापि मुलगा जिवंत होता म्हणूनच ती झाली! १७ जुलै २०१९ रोजीं पंधरा विरुद्ध एक अशा मतानें, कराराचा भंग झाला असून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार होईपर्यंत ती तहकूबच राहिली पाहिजे, असा निकाल लागला. सुटकेची मागणी मात्र मान्य झाली नाहीं.

तेव्हां ‘परके न्यायाधीश’ आपणांस त्या वेळीं परके वाटले नाहींत. हें उचितच झालें. परंतु त्यांतून एक ऋण उत्पन्न होतें. आपल्या मनुष्यासाठीं जो अवधि आपण हेगला जाऊन मागितला, तोच अवधि आपल्या तुरुंगांतील परदेशीय कैद्यासाठीं कोणी मागितला, तर आपला क्षोभ आवरून तो देण्याची आपली तयारी असली पाहिजे. स्वकीयांपुरता मागितलेला न्याय म्हणजे केवळ ममत्व होय. अपराध सिद्ध झालेल्यास शिक्षा देण्याचा राजाचा अधिकार कोणी नाकारीत नाहीं. पण जें परत देतां येत नाहीं तें घेण्यापूर्वीं एकवार थांबावें, एवढी अपेक्षा सुसंस्कृत राष्ट्रांकडून करणें अवास्तव नव्हे, असें आमचें नम्र मत आहे.