लिनक्सचा लॅपटॉप: वीस वर्षांत निवड कशी बदलली

सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय... या पट्ट्यात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी लॅपटॉपची खरेदी हा मोठा खर्च असतो. वालचंदमध्ये तर विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. त्यामुळे ‘लिनक्ससाठी कुठला घेऊ?’ हा प्रश्न इथे जुनाच. उत्तर मात्र गेल्या वीस वर्षांत पार बदललं.

उबंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर 2004 मध्ये आली. पुढे 2011 पर्यंत तिची सीडी पोस्टाने फुकट घरपोच यायची. संथ इंटरनेटच्या त्या दिवसांत ही मोठीच सोय होती. पण सीडी घालून लिनक्स बसवलं, तरी वायफाय चालेलच याचा भरवसा नसे. ब्रॉडकॉमची चिप असली की बऱ्याचदा विंडोजचाच ड्रायव्हर एनडिसरॅपर नावाच्या साधनातून चालवण्याची कसरत करावी लागे. म्हणून जाणकार आधी विचारायचे, ‘वायफाय इंटेलचं आहे का?’ ब्रॉडकॉमने नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर 2010 मध्ये.

तोवर दुसरं दुखणं आलं होतं. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर एनव्हिडियाची चिप विनाकारण चालू राहायची, लॅपटॉप तापायचा आणि बॅटरी झरझर उतरायची. भारनियमनाच्या काळात बॅटरी उतरली की काम थांबलंच. 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर सिक्युअर बूट आलं आणि लिनक्स बसवण्याआधी बायोसमध्ये शिरणं अनेकदा भाग पडलं. त्याच वर्षी डेलने उबंटूसह एक्सपीएस 13 बाजारात आणला, पण तो सामान्य घराच्या आवाक्यातला नव्हता. इथली वाट वेगळी होती: डॉसवाला लॅपटॉप घ्यायचा, विंडोजचे पैसे वाचवायचे आणि लिनक्स आपणच बसवायचं.

आज बहुतेक लॅपटॉपवर लिनक्स विनातक्रार चालतं. त्यामागे जगभरच्या कर्नल विकसकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे आणि तिची कृतज्ञ जाणीव ठेवायला हवी. आता अडतं ते रॅमपाशी. डॉकर, अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्राउझर एकत्र उघडले की 8 जीबी तोकडी पडते, आणि अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच कायमची जोडलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही.

म्हणून मला कंपन्यांतून निघालेले जुने थिंकपॅड मोलाचे वाटतात. 2018 च्या टी480 मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, मागची बॅटरी हाताने निघते. त्याच्या आधीच्या टी470 च्या प्रोसेसरला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लिनक्सवर मात्र तो आणखी काही वर्षं काम देईल. एकेकाळी नव्या हार्डवेअरवर अडखळणारं लिनक्स आता जुन्याला जगवतं आहे.

घेताना दुकानात लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पाहा. वायफाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा उघडा. मग झाकण मिटा, दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा उघडा. स्क्रीन लगेच उजळली, वायफाय आपोआप जोडलं गेलं आणि रॅमचा स्लॉट मोकळा असला, तर बिनधास्त घ्या. उरलेले पैसे 16 जीबी रॅमवर खर्च करा.