म्हैसूरहून आलेला चेहरा

वाघ पडला की घड्याळ सुरू व्हायचं. चांदा जिल्ह्यातल्या एखाद्या जंगलात, मे महिन्यात, दुपारी. वाघाच्या शिकारीचा खरा हंगाम म्हणजे उन्हाळा. झाडांची पानं झडलेली, नाले आटलेले, उरलेल्या एकदोन डोहांकडे वाघ येणार हे जवळजवळ ठरलेलं. शिकाऱ्याला हवा तोच हंगाम आणि कातड्याला सगळ्यात वाईट तोही हाच. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मेलेल्या जनावराच्या अंगावरचे जिवाणू तासांच्या हिशेबात काम करतात. कातड्याचा वरचा पातळ थर सुटतो, त्याच्यासोबत केसांची मुळं सैल होतात, आणि एका बोटाने हलकेच ओढलं तरी पट्ट्यांसकट केसांचा पुंजका हातात येतो. पोट, कान आणि ओठ इथे हे आधी दिसतं. एकदा केस सुटले की जगातला कोणताही कारागीर ते परत बसवू शकत नाही.

ब्रिटिश काळात घरापासून शेकडो मैलांवर शिकारीला आलेल्या साहेबापुढे दोन प्रश्न असत. कातडं टिकवायचं कसं आणि पाठवायचं कुणाकडे? पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या आधी द्यावं लागे, पण शहाणा शिकारी दुसऱ्याचा निकाल बंदूक उचलण्याच्या आधीच लावून ठेवत असे. कारण कातडं कसं सोलायचं, कुठे चिरायचं, काय चोळायचं, हे ज्याच्याकडे ते जाणार त्याच्या कामाच्या पद्धतीवर अवलंबून असतं. नुसतं गालिच्यासारखं पसरायचं असेल तर चीर एका तऱ्हेने घ्यायची, उभा वाघ करायचा असेल तर वेगळ्या. पंजे सांध्यापर्यंत उलटून काढायचे. कान टोकापर्यंत आतून मोकळे करायचे. ओठ आतल्या बाजूने चिरून पसरायचे, नाकाच्या कूर्चेमागचं मांस काढायचं. यातलं एक जरी राहिलं तरी तिथे ओल राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. मग मीठ, पाणी शोषून घेणारं साधं मीठ, सढळ हाताने. वाळवायचं ते सावलीत. उन्हात टाकलं की कातड्याला चिकटलेली चरबी वितळते आणि कातडं अक्षरशः शिजतं. वरून ठणठणीत दिसणारं कातडं महिन्याभराने भिजवलं की तुकडे होऊन हातात येतं, ते या चुकीमुळे.

एक अडचण अशी होती की तिच्यावर मिठाचा इलाज नव्हता. वाघाच्या भोवती जमणारी माणसं. मिशा नाहीशा होत, नख्या नाहीशा होत, चरबी संधिवातावर चोळायला जाई. मांजरकुळातल्या जनावरांच्या खांद्यात एक छोटं, कुठेच न जोडलेलं हाड असतं. गळपट्टीच्या हाडाचा तो अवशेष शिकाऱ्यांच्या बोलीत शुभ मानला जाई. त्याच्यावर साहेबांचाही डोळा असे. तेव्हा कातडं सोलताना राखण ठेवणं हाही तंत्राचाच भाग होता.

आता पाठवायचं कुठे? लंडनला पाठवता येत असे. पिकॅडिलीत रोलंड वॉर्ड (१८४८–१९१२) याचं दुकान होतं. आत इतकी जनावरं उभी होती की लोक त्याला 'द जंगल' म्हणत. त्याने १८८० मध्ये शिकाऱ्यांसाठी हस्तपुस्तिका काढली. मोठ्या शिकारीच्या नोंदींचं त्याचं पुस्तक १८९२ पासून निघायला लागलं आणि जगभरचे शिकारी आपलं नाव त्यात यावं म्हणून मरायचे. हत्तीच्या पायाचं छत्री ठेवायचं भांडं, माकडाच्या हातातला दिवा, असला विचित्र घरगुती माल त्याने विकला. १८८६ च्या लंडनमधल्या 'वसाहती आणि भारत' प्रदर्शनात कूचबिहारचं जंगल उभं करणारा तोच. नाव होतं, झळाळी होती. पण कातडं सुवेझच्या वाटेने जहाजाच्या दमट पोटातून जायचं, आणि तिकडचा बहुतेक कारागीर जिवंत वाघ प्राणिसंग्रहालयात बघितलेला. पिंजऱ्यातला वाघ आणि हाक्यात उठलेला वाघ यांच्या मानेचं वळण एक नसतं.

दुसरी वाट म्हैसूरची. तिथे १९०० च्या सुमारास यूजीन व्हॅन इंगेन याने कारखाना काढला आणि पुढे त्याच्या मुलांनी तो चालवला. बोथा, द वेट, जुबेर ही मुलांची नावं बोअर सेनापतींची. ब्रिटिश-बोअर युद्धाच्या काळात बोअरांबद्दल बापाला काय वाटत होतं ते यातून उघड होतं. भाऊ स्वतः शिकारी आणि पट्टीचे मासेमारही. द वेट व्हॅन इंगेनने १९४६ मध्ये कावेरीच्या खोऱ्यात धरलेला १२० पौंडांचा महसीर विक्रम म्हणून नोंदला गेला. ज्याने स्वतः रात्री मचाणावर काढल्या आहेत तो आपल्या डेऱ्यातल्या कातड्याशी काय वागायचं हे गिऱ्हाइकाला नीट समजावू शकतो. व्हॅन इंगेनांनी शिकाऱ्यांसाठी जनावर जपण्याच्या सूचनांची पुस्तिकाच काढली होती. मला ही गोष्ट त्यांच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची वाटते. ज्याचं काम कातडं पोचल्यावर सुरू होतं तो साधा कारागीर. कातडं पोचण्याच्या आधीच ज्याचं काम सुरू होतं त्याच्याकडे गिऱ्हाईक परत जातं.

म्हैसूरचं हवामानही मदतीला होतं. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, फार दमट नाही, फार तापणारं नाही, आणि बंदीपूर-नागरहोळेची जंगलं हाकेवर. हिंदुस्थानभरातून पार्सलं रेल्वेने यायची. याच गावात थिओबाल्ड ब्रदर्स ही दुसरी पेढीही होती. एका गावात दोन पेढ्या असल्या की गिऱ्हाइकाला दोघांचं काम शेजारी ठेवून बघता येतं.

काम चालायचं कसं? कातडं भिजवून मऊ करायचं. आतल्या बाजूने सुरीने सारखं तासत पातळ करायचं. तुरटी आणि मीठ घालून कमवायचं. सोमलाचा साबण चोळायचा, म्हणजे भुंग्यांच्या अळ्या आणि कसर फिरकत नाहीत. या साबणाचा शोध अठराव्या शतकातला, मेत्स गावच्या झां-बाप्तिस्त बेकर या औषधविक्याचा. इतका जहाल की जुन्या नमुन्यांवर आजही हातमोज्यांशिवाय हात ठेवू नये. कातडं तयार होत असताना आतला सांगाडा वेगळा बनतो. आतमध्ये पेंढा असतो अशी आपली समजूत; व्हॅन इंगेनांच्या वाघात कागदाचा लगदा साच्यात दाबून केलेलं पोकळ अंग असायचं. हलकं, टणक, आणि लांबच्या पार्सलाला सोयीचं. अमेरिकेत कार्ल एकली (१८६४–१९२६) याने आधी मातीत स्नायूंसह जनावर घडवायचं आणि त्यावरून साचा घ्यायचा ही रीत रूढ केली, तीही याच दिशेची. मूर्तिकार आणि चर्मकार एकाच माणसात यायला हवेत, हे दोघांनी आपापल्या गावी ओळखलं.

आणि इथे या धंद्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट येते. साचा म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायची वस्तू. व्हॅन इंगेनांकडे डोक्याचे साचे ठरावीक आकारांत तयार होते. आलेल्या कातड्याचं माप घ्यायचं, नाकाच्या टोकापासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत, मानेचा घेर, आणि त्याला शोभेल तो साचा काढायचा. डोक्याच्या मागे क्रमांक आणि साल बऱ्याचदा असे. वाघ आणि बिबटे मिळून ४० हजारांहून अधिक जनावरं या कारखान्यातून गेली. म्हणजे मेळघाटातला वाघ, तराईतला वाघ आणि निलगिरीतला वाघ, कातडं प्रत्येकाचं आपापलं, पट्टे आपापले, पण ताणलेला जबडा, चढलेला वरचा ओठ, नाकावरच्या सुरकुत्या आणि बाहेर वळलेली जीभ मात्र एकाच हाताची. हे म्हणजे दुर्गापूजेच्या मांडवात एका कारखान्यातून आलेल्या सगळ्या मूर्तींसारखं: रंग वेगळा, साडी वेगळी, चेहरा तोच. संस्थानिकांच्या दालनांत जो डरकाळी फोडणारा वाघ आपण पाहतो, त्याचा तो अवतार बऱ्याच अंशी शिकाऱ्याने मागवलेला आहे. जंगलातला वाघ बहुतेक वेळ तोंड मिटून, कान पुढे करून, माणसाकडे न बघताच जातो. तसा चेहरा घडवणारे कारागीर होते, पण मागणाऱ्यांनी भिंतीवर भीती मागितली.

चांगलं काम ओळखायचं तर या तोंडात बघू नये. जबडा फसवा असतो. आधी पापणी बघावी, काचेच्या डोळ्याला ती घट्ट लागलेली आहे की मध्ये फट आहे. बाहुली गोल आहे ना? वाघाची बाहुली गोल असते, घरच्या मांजरीची उभी फाक. अडाणी कारागीर वाघाला मांजरीचा डोळा लावतो आणि सगळं कोसळतं. कातडं वाळलं की नाकाचा गुलाबी रंग जातो, तो परत रंगवावा लागतो. चुकीचा गुलाबी म्हणजे प्लास्टिकचा वास. सुळे बघावेत. वाळताना ते तडकतात म्हणून हुशार शिकारी ते मेणाने माखत. पट्टे बघावेत. लांबी वाढवून दाखवायला कातडं ताणलं असेल तर पट्टे आणि खांदा यांचं नातं बिघडतं. (लांबीचा मोह जुनाच. जनावराच्या अंगावरून फीत नेली की खुंट्या ठोकून सरळ मोजल्यापेक्षा काही इंच जास्त भरतात, आणि व्हाइसरॉयच्या फितीतला फूट अकरा इंचांचा असतो अशी थट्टा चालत असे.) सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे नवीन नमुना सोडून पाच पावसाळे खाल्लेला नमुना मागणं. डोळ्यांभोवती भेग, गालाच्या खोलगट भागात कातडं उचलून ढोलासारखं ताणलेलं, कानाच्या कडा वाकलेल्या, या खुणा पहिल्या वर्षी दिसतच नाहीत. कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत उत्तम दिसणारं काम उघडं पडायला फार वेळ लागत नाही.

आज आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्या परदेशी माणसापुढे हाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा राहतो. दक्षिण आफ्रिका किंवा नामिबियात कातडं तिथल्या कारागिराकडेच देऊन तयार जनावर मागवायचं, की तिथे फक्त जंतुनाशकात बुडवून, वाळवून, बांधून आपल्या देशी पाठवायचं आणि घरच्या कारागिराकडून करून घ्यायचं? तिथलं काम सहसा स्वस्त पडतं, पण मोठ्या पेटीचं भाडं आणि परत सांगायला जवळ कुणी नाही. घरच्याचं महाग, पण त्याच्या दारात जाता येतं. वर संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कागद. एका परवान्यात चूक झाली की कातडं सीमाशुल्काच्या गोदामात पडून राहतं. म्हणून तिथे शिकारी आधी विचारतो की या कारागिराला निर्यातीच्या कागदांचं कळतं का, मग कलाकौशल्य.

आपल्याकडे हा अध्याय मिटला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. म्हैसूरचा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. भावांपैकी शेवटचा जुबेर २०१३ मध्ये शंभर वर्षांचा होऊन गेला. घरात आजोबांच्या काळचं डोकं असेल तर मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते डोकं विकता येत नाही. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये गेलात तर अशी जनावरं अजून काचेमागे उभी आहेत. आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी नैसर्गिक मरण आलेल्या प्राण्यांना असंच उभं केलं. तिथे गोळीचा प्रश्नच नाही, पण घड्याळ तेच. जनावर गेल्याची बातमी कधी मिळते यावर सगळं.

या साऱ्या जुन्या मालाला आता एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळालं आहे. २०१३ मध्ये बेंगळुरूच्या उमा रामकृष्णन, सम्राट मंडल आणि ब्रिटनच्या मायकेल ब्रुफर्ड यांनी ब्रिटनमधल्या संग्रहालयांतल्या जुन्या भारतीय वाघांच्या नमुन्यांतून डीएनए काढला आणि आजच्या वाघांशी ताडून पाहिला. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे जे प्रकार तेव्हा होते, त्यांतले ९३ टक्के आजच्या वाघांत सापडले नाहीत. अशा कामाला मिटलेल्या तोंडाचा वाघ लागत नाही, डरकाळणाराही नाही. सुबक पापणी लागत नाही. लागतो तो कातड्याचा चिमूटभर तुकडा आणि एक ओळ: हा कुठल्या जंगलात, कोणत्या साली मारला. जबड्याची किंमत द्यायला शिकारी तयार होता, पण ही ओळ लिहून पार्सलात टाकायला अनेकांना सुचलं नाही. ज्याला सुचलं, आणि ज्या कारागिराने ती फेकून दिली नाही, त्यांचाच वाघ आज प्रयोगशाळेत उपयोगी पडतो.