कॅमेरा नंतर घ्या, आधी माईक घ्या! घरातल्या होतकरू फिल्मवाल्यांसाठी थोडं हिशेबाचं

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांच्या फेऱ्या सुरू होतात. पूर्वी विचारणा डी.एड., आयटीआय, नर्सिंग यांची असायची. आता त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, मुलगा म्हणतो शॉर्टफिल्म बनवायची. कॅमेरा मागतोय, साठ-सत्तर हजारांचा. हप्त्यावर घेऊन देऊ का?" कधी मुलगा असतो, कधी मुलगी. विचारणारे अब्बा रिक्षा चालवणारे असतात, नाहीतर छोटं दुकान असलेले.

आमचं उत्तर ठरलेलं आहे. शौक चांगला आहे, त्याला नावं ठेवू नका. पण कॅमेरा आत्ता घेऊ नका. कारण कमी पैशांत फिल्म बनवायची असेल तर खरेदीच्या यादीत कॅमेरा सगळ्यात शेवटी येतो. दुकानदार हे सांगणार नाही आणि यूट्यूबवर कॅमेऱ्यांची तारीफ करणारे तर मुळीच सांगणार नाहीत. म्हणून आम्ही सांगतो.

पुरावा लांब शोधायला नको, आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. पॉवरलूमवर राबणाऱ्या गावात, गावातलेच कलाकार घेऊन आणि लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसल्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. मुंबईत कॅमेरा सरकवायला रूळ टाकून ट्रॉली लावतात, इथे सायकलवर काम भागवलं. उंचावरून खाली येणारा शॉट हवा असेल तर क्रेनच्या जागी बैलगाडी. फैज़ा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हे सगळं पाहायला मिळतं. हिरव्या कापडापुढे आडवा होऊन 'उडणारा' सुपरमॅन त्यातच आहे. तो होता शफीक शेख, लूमवर काम करणारा सडपातळ तरुण. पुढे तोंडाच्या कॅन्सरने तो अकाली गेला. या मंडळींवर पुढे रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपटही केला.

आता दुसरी बाजू. "हॉलिवूडमध्ये आयफोनवर पिक्चर बनतो, मग मला का नको?" असं मुलं म्हणतात. खरं आहे. शॉन बेकर यांचा २०१५ साली आलेला 'टँजरीन' तीन आयफोन ५ एस वापरून चित्रित झाला. पण ही अर्धीच गोष्ट सांगितली जाते. त्या चित्रपटाचा आवाज फोनवर घेतलेला नव्हता. त्यासाठी वेगळी, व्यावसायिक यंत्रं होती. चित्रासाठी फोन चालला, आवाजासाठी चालला नाही. या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच.

आवाजाचं गणित

चित्र थोडं धुरकट असलं तरी प्रेक्षक बघतो, कधी कधी तर त्याला ते मुद्दाम केलेलंच वाटतं. संवाद कळला नाही की तो मिनिटभरात दुसरं काहीतरी लावतो. फोनचा माईक फोनमध्ये असतो, बोलणारा आठ-दहा फुटांवर. मधलं सगळं त्यात येतं. पंखा, फ्रीज, गल्लीतली मोटारसायकल, भिवंडी-मालेगावात असाल तर लूमची खटखट.

उपाय स्वस्त आहे. कॉलरला लावायचा वायरचा माईक हजार रुपयांच्या आत मिळतो. घेताना त्याची पिन बघा. पिनवर तीन काळ्या रेषा असतील तर तो फोनसाठीचा, दोन असतील तर कॅमेऱ्यासाठीचा. कॅमेऱ्याचा माईक थेट फोनला लावला तर आवाज येतच नाही आणि मग मुलं माईक खराब म्हणून परत करायला जातात. फोनला गोल पिनची जागा नसेल तर टाइप-सीचा कनेक्टर लागतो, तोही माईक चालवणारा हवा. काही कनेक्टर फक्त इअरफोनपुरते असतात. दुकानातच रेकॉर्ड करून, ऐकून मगच पैसे द्या.

वायर लहान पडते का? घरात एखादा जुना फोन पडलेला असतोच. माईक त्याला लावा, व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा आणि तो फोन कलाकाराच्या कुर्त्याच्या खिशात ठेवा. चित्र दुसऱ्या फोनवर घ्या. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर जोरात एक टाळी वाजवा. एडिटिंग करताना टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की झालं. सिनेमावाले शॉटपूर्वी पाटी आपटतात ती याचसाठी, स्टाईल म्हणून नव्हे.

ओढणी किंवा बुरख्याचं कापड सिंथेटिक असेल तर माईकवर घासून खरखर येते. माईक कापडाच्या आत घेऊन चिकटपट्टीने नीट बसवा. पंखा बंद करा, फ्रीजही थोडा वेळ बंद ठेवा (फ्रीज पुन्हा सुरू करायची आठवण ठेवा, नाहीतर अम्मीची बोलणी ठरलेली). अजान सुरू झाली की शूटिंग थांबवा. अदब तर आहेच, शिवाय एडिटिंगचंही कारण आहे. मागे सलग चालणारा आवाज असेल आणि आपण मधला तुकडा कापला, तर तो आवाज ठेच लागल्यासारखा तुटतो. लग्नाच्या बँडचं, भाजीवाल्याच्या भोंग्याचंही तेच. शेवटी जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. दोन संवादांमधली पोकळी भरायला तो लागतो.

उजेड आणि त्या काळ्या पट्ट्या

रिंगलाइट घेऊ नका. त्याने चेहरा सपाट दिसतो आणि डोळ्यांत गोल चकती चमकते. रील्सला ते ठीक आहे. गोष्टीतल्या माणसाच्या डोळ्यांत रिंगलाइट कुठून आला?

सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'त (१९५६) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं होतं. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावर टाकून खाली परतवला, म्हणून ते खरं अंगण वाटतं. आपल्यालाही तेच करायचं आहे. कलाकाराला खिडकीजवळ बसवा आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा. शंभर-दोनशे रुपयांचं काम, मोठ्या सेटवरही थर्माकोल असतंच. संध्याकाळी घरचाच एलईडी बल्ब थेट तोंडावर न मारता पांढऱ्या भिंतीकडे वळवा.

घरात शूटिंग करताना चित्रात काळ्या आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. त्यात फोनचा दोष नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. फोन मात्र बहुतेक वेळा सेकंदाला ३० चित्रं घेण्यावर लावलेला असतो. दोघांची लय जुळत नाही. व्हिडिओच्या प्रो मोडमध्ये जाऊन २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, पट्ट्या बहुधा जातात. २५ चा पर्याय नसेल तर ३० राहू द्या आणि फक्त शटर १/५० किंवा १/१०० करा. फोनमध्ये प्रो मोडच नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, आयफोनवर चालतं आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवरही.

कॅमेरा स्थिर ठेवायला साधा ट्रायपॉड आणि मोबाईल होल्डर पुरे. चालता शॉट हवा असेल तर मालेगावची सायकल आहेच. रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी सुमारे सात हजार डॉलरमध्ये 'एल मारियाची' (१९९२) बनवताना व्हीलचेअर वापरली होती. जिम्बलची घाई नको. ड्रोन तर नकोच. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे लाल क्षेत्रात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही आणि मोहल्ल्याच्या गच्च्यांवरून कॅमेरा फिरला की शेजारपाजारच्या बायकांच्या खाजगीपणाचा प्रश्न येतो तो वेगळाच. भांडण होईल ते तुमच्या दारात. गल्लीत जमिनीवर शूटिंग करतानाही चौकटीत कोण येणार हे आधी विचारून घ्यावं. एखाद्या खालाला यायचं नसेल तर कॅमेरा दुसरीकडे वळवा.

शूटिंगच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. मधेच मामूंचा फोन आला तर रेकॉर्डिंग थांबू शकतं आणि नेमका तोच टेक चांगला झालेला असतो. फोर-के ऐवजी १०८० वर शूट करा, जागा खूप वाचते आणि मोबाईलवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. रोज रात्री सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवा. या दुसऱ्या प्रतीला मुलं नेहमी फाटा देतात. बिघडलेल्या कार्डामुळे दोन महिन्यांची मेहनत गेलेली आम्ही पाहिली आहे.

एडिटिंगसाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम आहे, पण तिला दमदार कॉम्प्युटर लागतो. घरचा जुना असेल तर शॉटकट वापरा, तेही फुकट. चोरीची सॉफ्टवेअर मात्र नको, त्यातून व्हायरस येतो तो अब्बांच्या बँकेच्या कामाच्या कॉम्प्युटरमध्ये.

आता हिशेब. माईक, ट्रायपॉड, होल्डर, थर्माकोल आणि डेटा ठेवायला एक हार्डडिस्क, ठोकळमानाने दहा हजारांच्या आसपास. राहिलेले पैसे खिशात ठेवा. शूटिंगच्या दिवशी दहा माणसांचं जेवण आणि रिक्षा यांचाच खर्च मोठा असतो, तो कुणी धरत नाही. मालेगावच्या सुपरमॅनच्या शूटिंगमध्ये कॅमेरा पाण्यात पडला आणि काम अडलं, तशी वेळ कुणावरही येते.

मोठा कॅमेरा हवाच असं एखाद्या गोष्टीत खरोखर वाटलं, तर तो एका दिवसाच्या भाड्याने आणा. प्रत्येक तालुक्याच्या गावात लग्नाचं शूटिंग करणारे आहेत आणि लग्नसराई सोडली तर त्यांचे कॅमेरे कपाटात पडून असतात. आमचा सल्ला असा की मुलाला आधी एक सीझन त्यांच्याकडे मदतनीस म्हणून पाठवा. वायरी गुंडाळायला, लाइट धरायला. हातखर्चाला चार पैसे मिळतील आणि कॅमेराही हाताळायला मिळेल. फोनवर तीन छोट्या फिल्म पूर्ण करून, मोहल्ल्यात दाखवून झाल्यावर तो पुन्हा कॅमेरा मागायला आला, तर नेमका कोणता हवा आणि कशासाठी, हे त्याचं त्यालाच सांगता येईल. तेव्हा जुन्या बाजारात, चांगल्या लेन्ससकट, सत्तर हजारांपेक्षा बऱ्याच कमीत सौदा होतो.