आवाज फाटतो, म्हणजे नेमकं काय होतं?

नवरात्रात माहूरला गेला असाल, तर तिथे कानावर काय काय येतं ते वेगळं सांगायला नको. कुठे संबळ-तुणतुण्यावर गोंधळ, कुठे भोंग्यावर देवीची गाणी, कुठे दुकानाची जाहिरात. शेजारच्याचा आवाज चढला की आपल्या साउंडवाल्याचा हात बटणाकडे जातोच. बटण फिरतं आणि कुणीतरी ओरडतं, ‘अरे, आवाज फाटतोय!’

या फाटण्याला इलेक्ट्रॉनिक्समध्ये क्लिपिंग म्हणतात. बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स किंवा डिप्लोमावाल्यांनी ते प्रॅक्टिकलला पाहिलेलं असतं, फक्त ऐकलेलं नसतं. एक रेझिस्टर, त्यापुढे उलटसुलट जोडलेले दोन डायोड, आणि समोर सीआरओ. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.७ व्होल्टपर्यंत गप्प बसतो. त्याच्या वर व्होल्टेज गेलं की तो सुरू होतो आणि जास्तीचा करंट स्वतःतून जाऊ देतो. त्यामुळे लाट कितीही उंच पाठवा, तिचा माथा ०.७ च्या आसपास सपाट होतो. जर्मेनियमचा डायोड घेतला तर हीच मर्यादा ०.३ च्या जवळ येते, लाल एलईडी घेतला तर पावणेदोन-दोन व्होल्टवर जाते. जर्नलमध्ये आकृती काढली, सही घेतली, विषय संपला!

खरी गंमत त्या सपाट माथ्यात आहे. २०० हर्ट्झच्या गोल लाटेचे दोन्ही माथे सारखे कापले, की तिच्यात ६००, १०००, १४०० हर्ट्झचे सूर आपोआप मिसळतात. मूळ आवाजात ते नव्हतेच. कानाला जे खरखरीत, फाटकं वाटतं ते हेच. रॉक गिटारवाल्यांना मात्र हाच आवाज हवा असतो. १९७८ साली आलेला बॉस कंपनीचा डीएस-१ हा पेडल आजही विकला जातो, आणि त्याच्या पोटात डायोडची अशीच जोडी आहे. म्हणजे एकाचा बिघाड, दुसऱ्याची स्टाइल.

यात्रेतल्या मशीनमध्ये (अ‍ॅम्प्लिफायरला सगळे मशीनच म्हणतात) हे काम डायोड करत नाही. मशीनला जेवढं सप्लाय व्होल्टेज मिळतं, त्याच्या वर लाट जाऊच शकत नाही, म्हणून माथा तिथे कापला जातो. आकार तोच. नुकसान मात्र मोठं. शुद्ध लाटेवर १०० वॉट देणारं मशीन पूर्ण कापलेल्या, चौकोनी लाटेवर हिशेबाने २०० वॉटपर्यंत जातं. वर ते नवे बारीक सूर थेट ट्वीटरकडे जातात, आणि त्याची कॉइल केसासारखी बारीक. ‘युनिट जळालं’ म्हणतात ते पुष्कळदा असं. आणि एवढं करून आवाज वाढतो किती? पॉवर दुप्पट झाली तर फक्त ३ डेसिबल.

हे आत्ता सांगायचं कारण वेगळं आहे. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गडकरी-चांडक खंडपीठाने कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यातलं वाक्य सगळीकडे गाजलं. पण एक तांत्रिक मुद्दाही होता: यंत्रातच डेसिबलची मर्यादा ठरवून टाकणारी सोय बसवता येईल का, याचा सरकारने विचार करावा. निवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

मग एक-दोन रुपयांचे दोन डायोड टाकले की झालं, असं वाटेल. नाही होत. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये असे डायोड खरंच असत. लाइनवर अचानक खट्ट झालं तर कानठळ्या बसू नयेत म्हणून. तिथे ते चालतं, कारण कान रिसीव्हरला चिकटलेला असतो. भोंग्यापासून कान ५ मीटरवर आहे की ५० वर, हे डायोडला कुठून कळणार? त्याला फक्त व्होल्ट कळतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. शिवाय त्याच व्होल्टला एक भोंगा दुसऱ्यापेक्षा जोरात वाजतो. वर डायोडने कापलेला आवाज फाटकाच येणार.

त्यासाठी लिमिटर लागतो. तो माथा कापत नाही, माथा येतोय असं दिसलं की सगळा आवाजच क्षणात खाली घेतो. संबळाचा ठोका किती अचानक चढतो ते आठवा. तेवढ्यात त्याला हलावं लागतं. आणि डेसिबल धरून चालायचं तर त्याला बाहेर एक मोजणारा माइकही हवा.

फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर हा घ्या. सर्किटची अडचण फारशी येणार नाही. अडचण येईल ती गाइडच्या पहिल्या प्रश्नाला: तो माइक भोंग्यापाशी ठेवायचा, की समोरच्या घराच्या खिडकीत?