एक्स्प्लेनर : केस आज गळताहेत, कारण तीन महिन्यांपूर्वीचं? डॉक्टरांकडे कधी जायचं?

डेंग्यूतून बरं होऊन दोन-तीन महिने झाले आणि आता कंगव्यात केसांचे पुंजके निघताहेत? मग शाम्पू बदलण्याआधी कॅलेंडर पाहा.

असं का होतं?

डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग साधारण ३ महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक डाएटिंग झालं की बरेच केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि २-३ महिन्यांनी एकदम गळतात. याला ‘टेलोजेन एफ्लुवियम’ म्हणतात. केसांची मुळं शाबूत असल्यानं बहुतेकांची गळती ६ महिन्यांत थांबते. श्रेय मात्र तेव्हा वापरलेल्या महागड्या तेलाला मिळतं!

गळती कुठून होतेय?

• सगळीकडून : ताप, बाळंतपण, लोहाची कमतरता किंवा थायरॉइड.
• पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि टाळू, महिलांत भांग रुंद होणं : आनुवंशिक. हे आपोआप थांबत नाही.
• गोल, गुळगुळीत चट्टा : चाई. यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते.
• खाज, खपल्या, पू : संसर्गाची शक्यता. लहान मुलांत बुरशीमुळेही होतं.

तपासण्या आणि उपचार

त्वचारोगतज्ज्ञ गरजेनुसार हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडच्या तपासण्या सांगतात. बायोटीनच्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगा. त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

आनुवंशिक गळतीवर मिनॉक्सिडिल आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइड ही औषधं वापरली जातात. सुरुवातीचे काही आठवडे मिनॉक्सिडिलनं गळती वाढू शकते. घाबरून अनेक जण तिथेच सोडतात. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात आणि औषध थांबवलं की फायदाही ओसरतो. दोन्ही औषधं मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

टक्कल केल्यानं केस दाट येतात?

नाही. वस्तरा त्वचेच्या वरचा केस कापतो, मूळ आतच राहतं.

थांबायचं की जायचं?

तापानंतरची गळती असेल तर पोटभर, प्रथिनयुक्त जेवण घ्या आणि थोडा धीर धरा. ६ महिन्यांनंतरही गळती सुरू असेल, भांग रुंद होत असेल, चट्टा किंवा जखम दिसत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आनुवंशिक टक्कलात उपचार जितके लवकर, तितके जास्त केस वाचतात.