स्वस्तात टर्बो: काटकसर कुठे चालते, कुठे नाही

१९८९ साली आलेली माझदाची दोन-आसनी एमएक्स-५ ही अमेरिकेतल्या हौशी मेकॅनिकांची लाडकी गाडी. तिचे १.६ लिटरचे इंजिन विनाटर्बो, ११६ अश्वशक्तीचे. पण ते ज्या बी६ घराण्यातले, त्याची टर्बो आवृत्ती माझदाने ३२३ जीटीएक्समध्ये स्वतःच वापरली होती, त्यामुळे मूळ बांधणी दणकट.

तिला टर्बो बसवताना अडचण येते ती कॉम्प्रेशन रेशोची, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते त्याची. एमएक्स-५चा ९.४:१, टर्बोवाल्या भावंडाचा ७.९:१. जास्त रेशोच्या इंजिनात दाबाखालची गरम हवा कोंबली, की ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. हेच नॉकिंग, त्याने पिस्टन फुटतो. म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, ०.४ बारच्या आसपास ठेवावा. कागदावर तेवढ्यानेही ४० टक्के जास्त हवा मिळते, तापल्यामुळे प्रत्यक्षात कमी. म्हणून ही हवा थंड करणारा इंटरकूलर हवाच.

टर्बो भंगारबाजारातला चालेल. त्याचा शाफ्ट हाताने हलवून तो किती सैल आहे ते तपासावे. इंधनाच्या बाबतीत मात्र हात आखडू नये. मोठे इंजेक्टर, ट्यून करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर यांवरच इंजिनाचा जीव अवलंबून असतो. तेलाची परतीची नळी रुंद आणि सरळ उताराची असावी, कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या शाफ्टभोवती तेल तुंबता कामा नये. वाढलेल्या ताकदीपुढे १९९३पर्यंतच्या गाड्यांचा डिफरन्शियलही नाजूक ठरतो.

भारतात नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. आधी आरटीओत चौकशी करावी.